पार्श्वभूमी: ताय चीचे २४ हात आले कुठून?

कोकणात पावसाळा म्हणजे पडण्याचा हंगाम. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, पाणंदीत पाय ठरत नाही, न्हाणीघरापर्यंत जायचं तरी भिंत धरून जावं लागतं. मुलं मुंबईला, घरात सत्तरीपुढची दोन माणसं. त्यातलं एक पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, की अनेकदा कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावा लागतो. हाड जुळलं तरी पूर्वीसारखं चालणं पुष्कळांना परत मिळत नाही. ताय ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामकलेचा इथे विचार व्हावा तो यासाठी, कारण तिच्या फायद्यांपैकी सगळ्यात नीट तपासला गेलेला फायदा म्हणजे तोल.

उगमाच्या कथा अनेक आहेत. धागा सापडतो तो सतराव्या शतकातल्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावापर्यंत. एकोणिसाव्या शतकात ही युद्धकला बीजिंगला पोचली आणि तिथे ती संथ, सौम्य होत गेली.

खरा वाद १९५६ चा. चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने काही जाणकार बसवले आणि ताय चीच्या यांग घराण्याच्या लांबलचक संचातून २४ हातांचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा, छोटा संच बांधून घेतला. मूळ संच मोजणीप्रमाणे ८५ ते १०८ हातांचा, करायला वीसेक मिनिटं. नवा पाच-सहा मिनिटांत संपतो. पुन्हा पुन्हा येणारे हात गाळले, सोपे आधी आणि अवघड नंतर घेतले, काही हात डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी बसवले. जुन्या घराण्यांतल्या अनेकांना हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं असं की पुनरावृत्तीतच अंग मुरतं, आणि जोडीदाराबरोबरचा सराव सुटला की हातामागचा डाव विसरला जातो. युद्धकला म्हणून पाहिलं तर हे म्हणणं रास्त आहे. पण गुडघे धरलेल्या आजीला १०८ हात कोण शिकवणार, आणि तिच्या लक्षात तरी किती राहणार? ही कला दवाखान्यापर्यंत आली ती या काटछाटीच्या वाटेनेच, असं मला ठामपणे वाटतं.

पुढचं संशोधनही तेच सांगतं. १९९६ मध्ये अमेरिकेत अटलांटा इथे सत्तरीपुढच्या २०० जणांवर चाचणी झाली, तेव्हा संशोधकांनी १०८ हातांचे १० केले. १५ आठवड्यांच्या शिकवणीनंतर वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी दिसला, पडण्याची धास्तीही उतरली. धास्तीचं मोल कमी नाही. घाबरलेलं माणूस घराबाहेर पडेनासं होतं आणि पाय आणखी कमजोर होतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच ओरेगॉनमधल्या ६७० ज्येष्ठांच्या चाचणीत तर आठच हात होते. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी, तोल-ताकद-चालणं असा एकत्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांचा तोल सुधारल्याचं २०१२ मध्ये, तर गुडघ्याच्या संधिवातात १२ आठवड्यांत फिजिओथेरपीइतकाच आराम मिळाल्याचं २०१६ मध्ये दिसलं.

यामागची क्रिया साधी आहे. गुडघा किंचित वाकवून सगळा भार एका पायावर घ्यायचा, मोकळा पाय पुढे न्यायचा, आधी टाच टेकवायची, जमीन लागल्याची खात्री झाली की मगच सावकाश भार सरकवायचा. ओल्या चिऱ्यावर उतरताना जाणतं माणूस असंच पाऊल टाकतं. इथे मांडी, घोटा आणि तळपायाची जाण यांना त्याची सवय लावली जाते. जागाही फार लागत नाही, आठ हातांना पडवी पुरते. बाहेर धो धो पाऊस असताना फिरायला जाणं बंद होतं, तेव्हा हे फार सोयीचं.

एक गोष्ट मात्र दडवू नये. २००३ मध्ये आधीच अशक्त होऊ लागलेल्या ज्येष्ठांवर ४८ आठवड्यांची चाचणी झाली, तिचा निकाल ठाम लागला नाही. म्हणून पाय धड असताना, साठीतच सुरुवात केलेली बरी. दुसरं म्हणजे या चाचण्यांत समोर शिकवणारा होता. मोबाईलवर व्हिडिओ पाहून करणाऱ्याचा गुडघा आत वळतोय की पायाच्या बोटांपुढे जातोय, हे सांगायला कुणी नसतं. गुडघे दुखावतात ते तिथेच. सुरुवातीचे काही आठवडे तरी जवळचा फिजिओथेरपिस्ट किंवा जाणकार गाठावा आणि हाताशी खांब किंवा भक्कम खुर्ची ठेवावी.