नोपेक: कायदा नव्हे, नुसतं विधेयक

‘अमेरिकेने नोपेक कायदा केला, आता ओपेकवर खटला भरता येतो’, हे फिरतं विधान चुकीचं आहे. ओपेक म्हणजे तेल निर्यातदार देशांची संघटना; तिच्यावर अमेरिकेत खटला भरता यावा म्हणून आणलेलं हे नोपेक विधेयक २००० पासून येतं आणि अडकतं. २००७ मध्ये हाउसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ते ३४५ विरुद्ध ७२ मतांनी मंजूर केलं. बुश सरकारने नकाराधिकाराची धमकी दिली. मे २०२२ मध्ये सेनेटच्या न्यायिक समितीत १७-४ ने मंजूर, पुढे शून्य.

अडचण शर्मन कायद्याच्या (अमेरिकेचा मक्तेदारी आणि संगनमत रोखणारा कायदा) कलमांत नाही, प्रतिवादी कोण यात आहे. मशिनिस्ट कामगार संघटनेने १९७८ मध्ये ओपेकवर दावा लावला होता. १९८१ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळलाच: सार्वभौम देशाच्या तेलधोरणाचा निवाडा आम्ही करणार नाही. नोपेक नेमकी हीच ढाल काढू पाहतं, तीही फक्त अ‍ॅटर्नी जनरलच्या दाव्यांपुरती. पंपावरचा ग्राहक तेव्हाही बाहेरच.