स्टिकरच्या थेंबामागचा इतिहास

सांगली जिल्ह्यात तासगाव-पलूस भागात फळछाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की औषधाच्या पाण्यात थोडे ‘स्टिकर’, म्हणजे फवारा पसरवणारे साबणाच्या जातीचे द्रव्य, घालण्याची रीत प्रत्येक द्राक्ष बागायतदाराला ठाऊक आहे. मण्यावर मेणाचा पांढरट थर असतो. त्यावर साध्या पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल बसतो आणि काडी जरा हलली की घरंगळतो. स्टिकर मिसळलेले पाणी मात्र पसरते आणि मणी ओला करते. रिठ्याच्या पाण्यात रेशमी लुगडी धुणाऱ्या आपल्या आज्यांना हा गुण अनुभवाने माहीत होता. त्याचे कारण कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात जेमतेम चमचाभर तेल ओतले आणि सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे, पाणी आरशासारखे शांत झाल्याची नोंद १७७४ साली प्रसिद्ध केली. त्या थराची जाडी त्यांनी काढली नाही. काढली असती तर ती एका रेणूच्या लांबीच्या जवळपास आली असती.

पाण्यावरच्या अशा थरांच्या विषयाला खरे मोजमाप दिले ते जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील आग्नेस पोकेल्स यांनी. त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती, त्यामुळे आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळत, १८८०च्या सुमारास, त्यांनी खरकट्या भांड्यांच्या पाण्याचे निरीक्षण सुरू केले. पत्र्याच्या उथळ पन्हाळीत काठोकाठ पाणी भरायचे, पृष्ठभागावरून पत्र्याची पट्टी सरकवून वरचा थर दाबत न्यायचा, आणि तराजूला टांगलेली बटणाएवढी चकती पाण्यापासून सुटायला किती जोर लागतो ते पाहायचे, एवढीच त्यांची साधने होती. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना त्यांनी लिहिलेले पत्र १८९१ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापले गेले. या विषयाच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच पान.

तीच पन्हाळी सुधारून अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी १९१७ साली दाखवले की स्निग्धाम्लाच्या, म्हणजे तेल-चरबीतल्या आम्लाच्या, रेणूची शेपूट लांब असो वा आखूड, दाटीने बसताना तो जवळपास तेवढीच जागा व्यापतो. याचा अर्थ उघड होता: रेणू आडवे पडलेले नसून, पाण्यात रमणारे डोके खाली आणि पाणी टाळणारी शेपूट वर, असे शिवारातल्या उसासारखे उभे होते. पाण्याचे रेणू एकमेकांना ज्या ओढीने धरून ठेवतात ती, म्हणजे पृष्ठताण, अशा थराने कमी होते. म्हणूनच मण्यावरचा थेंब पसरतो.

पृष्ठभाग भरल्यावर उरलेल्या रेणूंचे काय होते, हा पुढचा प्रश्न. साबणाचे पाणी वीज अपेक्षेपेक्षा चांगली वाहते, पण त्यात सुटे कण मात्र अपेक्षेपेक्षा कमी असल्यासारखे दिसते, या कोड्यावरून रसायनशास्त्रज्ञ जेम्स मॅकबेन यांनी १९१३ साली मांडले की रेणू पाण्यात आपोआप पुंजके बांधतात. ही कल्पना सहजी स्वीकारली गेली नाही. शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा गोल पुंजका, म्हणजेच मायसेल, रसायनशास्त्रज्ञ हार्टले यांनी १९३६ साली रेखाटला. शेपट्यांभोवती पाण्याच्या रेणूंना विशिष्ट मांडणीत अडकून राहावे लागते. शेपट्या एकत्र आल्या की ते मोकळे होतात, आणि पुंजका बांधण्याची प्रेरणा मुख्यतः या मोकळिकीतून येते. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

मायसेल एका ठराविक प्रमाणानंतरच बनू लागतात. शांपूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटच्या बाबतीत ही मर्यादा साधारण तपमानाला लिटरमागे सुमारे २.४ ग्रॅम असून एका पुंजक्यात साठेक रेणू असतात. स्टिकरचेही तसेच आहे. ती मर्यादा ओलांडून टाकीत आणखी एक झाकण ओतले तर पृष्ठताण फारसा उतरत नाही, जादा रेणू मायसेलमध्ये जाऊन बसतात; मण्यावरची मेणाची झिलई मात्र बिघडू शकते, जिच्यावरून व्यापारी मालाचा ताजेपणा पारखतो.