रिफ्रेशने कॉम्प्युटर पळतो?

‘कॉम्प्युटर सुरू झाला की राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश मारा, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) मोकळी होते’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मीही एफ५ (रिफ्रेशचं बटण) बडवायचो. खरं तर रिफ्रेश म्हणजे डेस्कटॉप फोल्डरची यादी पुन्हा वाचून आयकॉन नव्याने दाखवणं, बस. रॅम त्याने मोकळी होत नाही.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (कोणते प्रोग्रॅम चालू आहेत ते दाखवणारी खिडकी) मेमरीचा आकडा बघा, दहादा रिफ्रेश करा, पुन्हा बघा. थोडा हलेल, पण तो हात न लावताही हलतोच.

मग फरक जाणवतो कसा? सुरुवातीला मागे बरेच प्रोग्रॅम उघडत असतात. आपलं रिफ्रेश होईपर्यंत त्यांचं उरकतं. खरा इलाज टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप टॅबमध्ये: आपोआप उघडणाऱ्यांतले नको ते बंद करा. लिनक्सवर कोण मेमरी अडवतंय ते ‘टॉप’ कमांड दाखवते.