सा जागेवर, कॉर्ड फिरती: गिटार सोलोमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पेटीवर सरगम घोटून मग गिटारकडे वळलेल्यांचा सोलो बहुधा एकाच जागी अडखळतो. सूर चुकीचे नसतात, तरी सोलो गाण्याला धरून राहत नाही. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब जी गायकी गायले, तिच्यात तानपुऱ्याचा सा शेवटपर्यंत हलत नाही. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांच्या, संगीतात मात्र तालाच्या एक-दोन मापांत आधारच बदलतो.

त्या बदलत्या आधारावर सोलो उभा करण्याची रीत जॅझमध्ये घडली. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलमन हॉकिन्स यांनी सॅक्सोफोनवर 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केलं. मूळ चाल सुरुवातीलाच काय ती ओळखू येते, पुढची सगळी बांधणी कॉर्डच्या स्वरांवर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन बँडप्रमुख बेनी गुडमन यांच्याकडे रुजू झाले. ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांच्या आवाजात बुडणारी गिटार तारांचा कंप टिपणारा पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांमुळे पुढे आली. ख्रिश्चन हाताखालच्या कॉर्डच्या आकारातूनच आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागोमाग, काढत. १९४२ मध्ये, अवघ्या २५व्या वर्षी ते गेले. पुढे ब्लूजमधून रॉकमध्ये पेंटाटॉनिक ही पाच स्वरांची सरगम रुळली, आणि आज नवशिक्याचा हात आधी तिथंच जातो.

मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूप रागाचेच स्वर. सी म्हणजे सा धरून डीएम७, जी७, सीमेजर७ अशा कॉर्डच्या क्रमावर भूप वाजवून बघा. जी७ म्हणजे प नि रे म. त्याची सारी ओढ म आणि नि या दोन स्वरांत, आणि भूपात नेमके तेच नाहीत. डीएम७ म्हणजे रे म ध सा. त्यातला सा अर्ध्या स्वराने उतरून जी७चा नि होतो: तिसरी तार, पाचव्या फ्रेटवरून (घरावरून) चौथ्यावर. जी७चा म तसाच उतरून सीचा ग होतो: चौथी तार, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. मेट्रोनोम ६० वर ठेवून आठवडाभर एवढेच चार स्वर वाजवा, प्रत्येक बरोबर समेवर. कॉर्ड बंद केली तरी ती बदललेली ऐकू यायला लागते.

त्याआधीच पूर्ण आर्पेजिओ पाठ केले तर प्रत्येक कॉर्डला बोट मूळ स्वराकडे धावतं, त्या उडीत सम चुकते आणि सोलो पलट्यांसारखा वाजतो. म्हणून उडी टाळा. जिथं बोट असेल तिथून नव्या कॉर्डचा सर्वांत जवळचा स्वर धरा, वर असो की खाली.