विक्का म्हणजे जादूटोणा नव्हे, आणि ‘चेटकीण’ हा शब्द आता पुरे

ऑक्टोबर संपत आला की आपल्या पुरवण्यांना हॅलोवीन आठवतो, आणि बाजूच्या चौकटीत हमखास एक वाक्य असतं: ‘विक्का म्हणजे पाश्चात्त्यांचा जादूटोणा.’ सोबत टोकदार टोपी, झाडू, काळं मांजर. वर्षानुवर्षं तीच चौकट. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशात ‘विच’ काढलं, पुढे ‘चेटकीण’ दिसलं, पान लागलं.

जादूटोणा म्हणजे काय, हे मराठी माणसाला मी काय सांगणार? करणी, भानामती, मूठ, तिठ्यावरचा उतारा, टाचण्या टोचलेलं लिंबू. विश्वास असो वा नसो, तिठ्यावर पडलेला नारळ आपण ओलांडत नाही, वळसा घालतो. तेव्हा हे सोडून पुढे जाऊ.

विक्का हा धर्म आहे आणि तो विसाव्या शतकातला आहे. जेराल्ड गार्डनर (1884–1964) नावाचा इंग्रज गृहस्थ सिलोन, बोर्निओ, मलाया अशा ठिकाणी आधी मळ्यांवर आणि मग सरकारी नोकरीत आयुष्य काढून 1936 साली मायदेशी परतला. दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट भागात एका गुप्त मंडळाने 1939 साली आपल्याला दीक्षा दिली, आणि ते मंडळ ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला धर्म जपत होतं, असं त्याचं म्हणणं. असा एक जुना धर्म युरोपात छुपेपणाने टिकून होता, ही कल्पना मार्गारेट मरे या विदुषीने 1921 साली मांडली होती. पुढे इतिहासकारांनी ती पार मोडीत काढली. गार्डनरच्या विधींमध्ये फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळींच्या दीक्षेचे आणि अलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याच्या लिखाणाचे तुकडे चक्क ओळखू येतात. 1953 साली दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटे या बाईंनी ते ओळखलेच. त्यांनी क्रोलीचं बरंचसं काढून टाकलं आणि स्वतः नवं लिहिलं. देवीचं म्हणून आज जे आवाहन म्हटलं जातं, त्याचं प्रचलित रूप त्यांच्याच हातचं आहे. त्यामुळे ‘हजारो वर्षांचा प्राचीन धर्म’ असं कुणी उत्साहाने लिहिलं की मला जादूटोण्याच्या चौकटीइतकाच राग येतो. धर्म नवा असला म्हणून काही बिघडत नाही.

यात देव दोन. एक शिंगं असलेला देव, वनाचा आणि शिकारीचा. दुसरी देवी, चंद्राशी जोडलेली. पुष्कळ जण तिला कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांत पाहतात. वर्षात आठ सण: दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या अधेमधे येणारे चार. त्यातला 31 ऑक्टोबरचा ‘सॉविन’ पितरांचा. (स्पेलिंग बघून ‘सॅमहेन’ म्हणू नका. शब्द गेलिक आहे.) सण ऋतूंना बांधलेले असल्यामुळे ऑस्ट्रेलियातले बरेच विक्कन सॉविन एप्रिलअखेरीस करतात, तिकडे शरद तेव्हा असतो. शिवाय पौर्णिमेला जमणं असतंच.

जमल्यावर करतात काय? जमिनीवर वर्तुळ आखून ती जागा पवित्र करतात, चार दिशांना चार तत्त्वांना बोलावतात: बहुतेक ठिकाणी पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. वर्तुळ आखायला काळ्या मुठीची सुरी, तिला अथामे म्हणतात. परंपरेप्रमाणे तिने काहीही कापत नाहीत, म्हणून ‘बळीची सुरी’ असं लिहिणाऱ्याने तिची माहिती घेतलेलीच नसते. शेवटी केक आणि वाईन, म्हणजे प्रसादच समजा. आणि एक विधी मराठी वाचकाला लगेच कळेल: प्रमुख पुजारिणीच्या ठायी देवीला उतरवतात आणि मग ती देवीच्या वतीने बोलते. ज्याने नवरात्रात कुणाच्या अंगात आलेलं पाहिलंय त्याला हे परकं वाटणार नाही. फक्त इथे केस मोकळे सोडून घुमणं सहसा नसतं, पाठ केलेलं गद्य असतं.

आता मुद्द्याचं. ‘त्यातही मंत्रतंत्र आहे, यातही आहे, मग फरक तो काय?’ असं विचारणारे भेटतात आणि त्यांची गाडी इथेच अडते. मंत्रतंत्र दोन्हीकडे आहे, हे मी नाकारत नाही. विक्कन मेणबत्ती लावून, दोरीला गाठी मारून, औषधी पाल्याच्या पुरचुंड्या बांधून इच्छापूर्तीचे प्रयोग करतात. सगळेच करतात असं नाही, पण करतात. फरक प्रयोगात शोधाल तर सापडायचा नाही. तो शब्द कोण कुणाला लावतो, यात आहे.

आठवून बघा, ‘मी जादूटोणा करतो’ असं सांगणारा माणूस तुम्हाला कधी भेटलाय? भेटतो तो ‘तिने केलं’ असं सांगणारा. भगतही स्वतःला करणी काढणारा म्हणवतो, घालणारा कुणी दुसराच असतो. म्हैस आटली, पोर तापाने फणफणलं, भावकीत जमिनीचा वाद पेटला, की बोट कुणाकडे तरी वळतं, आणि बहुतेकदा ती एकटी राहणारी बाई असते. सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईने तो शब्द स्वतः घेतलेला नसतो. तो तिच्यावर टाकलेला असतो, आणि त्यापायी तिला मारहाण होते, गाव सुटतं, जीवही जातो. म्हणजे जादूटोणा हा मुळात आरोप आहे. आरोप खरा ठरायला कुणी काही केलेलं असावंच लागतं असं नाही.

विक्कामध्ये ‘विच’ हा शब्द माणूस आपण होऊन घेतो. गार्डनरच्या परंपरेत त्यासाठी दीक्षा लागते आणि दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. मंडळाला कोव्हन म्हणतात, ते माणूस पारखून घेतं. अलीकडे एकट्याने साधना करणारे पुष्कळ झालेत, त्यांची दीक्षा त्यांची त्यांनीच. पण शब्द लावून घेणारा तोच. शेजारणीने लावून विक्कन होता येत नाही. आणि घेताना एक बंधनही घ्यावं लागतं: कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर. जे पाठवशील ते तिपटीने परत येतं, असंही अनेक जण मानतात. करणीच्या गोष्टीत असल्या अटी कुणी ऐकल्यात?

आपला कायदाही याच फटीवर नेमका बोट ठेवतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं भासवून तिला छळणं हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. इंग्लंडात 1735 चा कायदा होता, त्याचा रोख जादूची शक्ती आपल्याकडे आहे असं सोंग करणाऱ्यावर होता. तो 1951 साली रद्द झाला, आणि 1954 मध्ये गार्डनरने आपल्या धर्मावर उघडपणे पुस्तक लिहिलं.

एकदा हे पक्कं झालं की ‘विक्कन बायकांना युरोपात जिवंत जाळलं’ हे वाक्यही आपोआप गळून पडतं. साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात चेटकाच्या आरोपाखाली अंदाजे 40 ते 50 हजार माणसं मारली गेली. ‘नव्वद लाख’ हा आकडा निव्वळ फुगवलेला आहे. मेलेल्यांत पुरुषही होते. इंग्लंडात अशांना सहसा फाशी देत, आणि अमेरिकेत सेलमला 1692 मध्ये एकालाही जाळलं नाही. 19 जणांना फासावर दिलं. ही माणसं आपल्या डाकीण ठरवलेल्या बायकांच्या रांगेतली, गार्डनरच्या नव्हे. त्यांच्यातले बहुतेक चांगले ख्रिस्ती होते आणि मरताना ‘आम्ही हे केलेलं नाही’ म्हणत होते.

बाकीचे गोंधळ किरकोळ. सैतानाशी विक्काचा संबंध नाही. सैतान ख्रिस्ती विश्वातला, यांच्याकडे तो मुळी नाहीच. विक्कन वापरतात तो पाच टोकांचा तारा सगळीकडे एकच अर्थ सांगत नाही. आणि प्रत्येक विच विक्कन नसते: दाराला लिंबू-मिरची बांधणारा देव न मानणारा असू शकतो, तसंच. इंग्लंड-वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात 11,766 जणांनी विक्का लिहिलं, तर 1,276 जणांनी नुसतं विचक्राफ्ट. तिथल्या कारकुनांना दोन ओळी वेगळ्या ठेवता आल्या.

मराठीत काय लिहावं म्हणाल, तर धर्माला विक्का आणि माणसाला विक्कन. ‘चेटकीण’ लिहायचा मोह झालाच, तर आधी गार्डनरचा उतारवयातला फोटो बघा: पांढरे पिंजारलेले केस, टोकदार दाढी, अंगात कोट. त्याच्याखाली हा शब्द छापून दाखवा.