अडकलेला प्रोग्राम बंद करण्याआधी

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत परिसरातील पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या पेट्या भरण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. नाशिकच्या अंबड भागातील आमच्या कार्यालयात अशाच एका पॅकहाउससाठी जावा भाषेत एक प्रोग्राम लिहिला जात होता. काट्यावर पेटी ठेवली की वजन नोंदवायचे, पेटीला क्रमांक द्यायचा आणि लेबल छापायचे, एवढेच त्याचे काम होते. हंगाम तोंडावर आलेला असताना एका संध्याकाळी त्याची चाचणी मध्येच थांबली. पडद्यावर चूक दाखवणारा संदेश नव्हता आणि पुढची ओळही उमटत नव्हती. आम्ही प्रोग्राम बंद करून चाचणी पुन्हा चालवली, तर ती सुरळीत पार पडली.

प्रोग्राम बंद करणे ही आमची पहिली चूक होती, आणि माझ्या मते या तपासातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच असते. कोसळलेला प्रोग्राम बहुधा कुठे कोसळला ते सांगून जातो. हँग झालेला प्रोग्राम मात्र चालू आहे तोवरच काही सांगू शकतो, कारण तो कोणत्या ओळीवर थांबला आहे, कोणती कुलुपे (लॉक, म्हणजे एखादी गोष्ट एका वेळी एकालाच वापरता यावी यासाठीची सोय) त्याच्या ताब्यात आहेत आणि तो कशाची वाट पाहत आहे, ही सारी माहिती त्या वेळी मेमरीत असते आणि प्रोग्राम बंद करताच नाहीशी होते.

दुसऱ्यांदा चाचणी अडकली तेव्हा आम्ही घाई केली नाही. आधी प्रोसेसरचा वापर पाहिला. एखादा कोअर १०० टक्क्यांच्या आसपास अडकून राहिला असेल, तर प्रोग्राम बहुधा न संपणाऱ्या लूपमध्ये फिरत असतो; वापर शून्याजवळ असेल, तर तो कशाची तरी वाट पाहत असतो. आमच्याकडे वापर जवळजवळ शून्य होता. मग ‘जेस्टॅक’ या साधनाने प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा प्रवाह, त्या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे याची नोंद घेतली, आणि दहा-दहा सेकंदांच्या अंतराने आणखी दोनदा घेतली. एकाच नोंदीवर विसंबणे योग्य नाही. ओळी बदलत असतील तर प्रोग्राम अडकलेला नसून केवळ संथ असतो, आणि संथपणाचा तपास निराळ्या दिशेने करावा लागतो.

तिन्ही नोंदींत दोन थ्रेड जागचे हललेले नव्हते. वजन नोंदवणाऱ्या थ्रेडने काट्याचे लॉक घेतले होते आणि तो पेट्यांच्या यादीच्या लॉकसाठी थांबला होता. फाटलेले लेबल पुन्हा छापणाऱ्या थ्रेडकडे यादीचे लॉक होते आणि त्याला काट्याचे लॉक हवे होते. यालाच डेडलॉक म्हणतात. एडवर्ड कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याच्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते, हातातली न सोडता दुसरी मागितली जाते, कोणाकडूनही ती हिसकावून घेता येत नाही आणि वाट पाहणाऱ्यांचे एक वर्तुळ तयार होते. चारही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्याशिवाय डेडलॉक होत नाही, त्यामुळे एक मोडली तरी पुरते. आम्ही शेवटची मोडली: कोणत्याही थ्रेडने आधी काट्याचे आणि मगच यादीचे लॉक घ्यायचे, असा क्रम ठरवला.

सगळेच हँग इतके स्पष्ट दिसत नाहीत. चाचणी दुसरा प्रोग्राम सुरू करते, तो संपेपर्यंत थांबते आणि त्यानंतरच त्याने लिहिलेला मजकूर वाचायला घेते, अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. लिनक्सवर एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे पोहोचवणाऱ्या पाइपमध्ये सहसा ६५,५३६ बाइट मावतात. मजकूर त्याहून मोठा झाला की लिहिणारा पाइप रिकामा होण्याची वाट पाहतो आणि वाचणारा तो संपण्याची. येथे कोणतेही लॉक नसल्यामुळे डेडलॉक शोधणाऱ्या साधनांना काही सापडत नाही. थोड्या नमुन्यांवर उत्तीर्ण होणारी चाचणी खरा, मोठा डेटा देताच अडकत असेल, तर मी आधी हीच शंका घेतो.

कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे नेमके सांगणारी सर्वसाधारण पद्धत अस्तित्वात असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कामातून सिद्ध झाले आहे. म्हणूनच चाचणीला घातलेली कालमर्यादा हा शेवटी अनुभवाने बांधलेला अंदाज असतो. ती उलटताच प्रोग्राम बंद करणारी व्यवस्था सर्वत्र असते. त्याआधी थ्रेडची नोंद फाइलमध्ये उतरवून ठेवणारी व्यवस्था मात्र मुद्दाम करावी लागते. रात्री कोणी जवळ नसताना अडकलेल्या चाचणीसाठी ती फार मोलाची आहे.

दुरुस्तीनंतर खरी अडचण उभी राहिली. हा बिघाड अनेक फेऱ्यांमध्ये एखाद्या वेळीच दिसत होता, आणि तपासासाठी लॉगच्या, म्हणजे प्रोग्राम काय करतो आहे ते नोंदवणाऱ्या, ओळी घातल्या की थ्रेडच्या वेळा बदलून तो लपत होता. त्यामुळे चाचणी पार पडली म्हणजे दोष गेला, असे म्हणता येत नव्हते. म्हणून आम्ही जुन्या कोडमध्ये दोन्ही थ्रेडच्या पहिल्या आणि दुसऱ्या लॉकच्या मध्ये मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा विराम घातला. आता तो प्रत्येक वेळी अडकू लागला. त्यानंतर विराम तसाच ठेवून लॉकचा क्रम बदलला, आणि चाचणी पूर्ण झाली. अर्ध्या सेकंदाच्या त्या विरामासह ती चाचणी आजही रोज रात्री चालते.