पळता पळता टांग: ट्रायथलॉनमधल्या एका उडीची पार्श्वभूमी

जळगावात मेहरूण तलावाच्या रस्त्यावर पहाटे सायकल घेऊन येणाऱ्यांपैकी काहींना आता ट्रायथलॉनचं वेड लागलंय. पोहायचं, सायकल हाणायची, मग पळायचं, एवढं सगळ्यांना कळतं. अडतं ते मधल्या जागी. पाण्यातून निघायचं, हेल्मेटचा पट्टा लावायचा, सायकल धरून अनवाणी पळायचं आणि जमिनीवर आखलेली रेषा ओलांडली की चालत्या सायकलवर झेप घ्यायची. याला 'फ्लाइंग माउंट' म्हणतात. आपल्याकडे त्याच्या जवळचा जुना शब्द आहे: टांग टाकणं.

खान्देशात धोतरातल्या म्हाताऱ्यांनाही हे जमायचं. डावा पाय पायडलवर, उजव्याने जमिनीला दोन-तीन रेटे, आणि सायकलने वेग धरला की पाय मागून फिरवून सीटवर. कॅरिअरला दुधाचे कॅन नाहीतर चाऱ्याचा भारा असेल, तर मागून पाय फिरणार कसा? मग तो पुढून, नळीवरून. पोरं आधी हाफ-पायडल शिकत आणि टांग पडायला लागली की स्वतःला मोठी समजत.

ही युक्ती सायकलीइतकीच जुनी आहे. १८७०च्या दशकातल्या मोठ्या चाकाच्या सायकलवर उभ्या-उभ्या चढणं अवघडच. म्हणून मागच्या बाजूला छोटी पायरी असे. एक पाय तिच्यावर, दुसऱ्याने रेटा देत वेग घ्यायचा आणि वर चढायचं. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली, सीट खाली उतरली आणि पायरीचं काम पायडल करू लागलं. आपली टांग ती हीच. पुढे फ्रान्समध्ये शेतातून, चिखलातून सायकल पळवायच्या सायक्लोक्रॉस शर्यती सुरू झाल्या. १९०२ मध्ये तिथे त्यांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर घेऊन पळायचं आणि पुन्हा उडी. तिथे पायडलवर पाय ठेवण्याइतकीही फुरसत नसते. डाव्या पायाने उडायचं आणि उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवून सरकायचं. ट्रायथलॉनवाल्यांची उडी या घराण्यातली.

खुद्द ट्रायथलॉनला मात्र सुरुवातीला या उडीची गरज नव्हती. २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन दिएगोच्या मिशन बेमध्ये जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहान यांनी भरवलेल्या पहिल्या शर्यतीत आधी पळणं होतं, मग सायकल, आणि पोहणं त्यानंतर. ओल्या पायांनी सायकलवर बसायचा प्रश्नच नव्हता. १९७८ मध्ये हवाईत 'आयर्नमॅन' ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली तेव्हा पोहणं पुढे आलं. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली आणि गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांच्या वर थोड्या वेळात पहिला आला. पोहून आल्यावर लोक अंघोळ करून, कपडे बदलून सायकलवर बसत. एवढ्या लांब पल्ल्यात चार-पाच मिनिटांचं काय कौतुक!

दोन गोष्टींनी हे बदललं. पहिली म्हणजे पायडल. पूर्वी बूट पायडलवर पट्ट्याने आवळत. १९८४ मध्ये फ्रान्सच्या 'लुक' कंपनीने बूट खटकन अडकणारं पायडल आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो त्याच पायडलवर टूर द फ्रान्स जिंकला. आता बूट पायडलला आधीच अडकवून ठेवता येत होते. खेळाडूने अनवाणी यायचं, आधी बुटांवर पाय ठेवून वेग घ्यायचा आणि मग चालत्या सायकलवर एकेक पाय आत सारायचा. बूट पळताना उलटून जमिनीला घासू नयेत म्हणून टाच सायकलच्या सांगाड्याला रबराने बांधतात. पायडलच्या पहिल्या फेऱ्यात रबर आपोआप तुटतं. मिठाईच्या पुड्याला असतं तसलं पातळ रबरच बरं. मी एकदा ट्यूबची जाड पट्टी बांधली होती. ती तुटेना, पायडल फिरेना, आणि मी सायकलसकट बाभळीत. शेजारचा दूधवाला थांबून म्हणाला, "टांग टाकता येत नाही का भो?"

दुसरी गोष्ट नियमाची. १९९५ पासून अव्वल खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत एकमेकांच्या मागे चिकटून सायकल चालवायला परवानगी मिळाली. पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, ताकद बरीच वाचते. त्यामुळे पाण्यातून निघाल्यावर दहा सेकंद गेले तर फक्त दहा सेकंद जात नाहीत, पुढचा घोळकाच हातचा जातो आणि ४० किलोमीटर एकट्याने वारा कापावा लागतो. २००० मध्ये सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं ते याच नियमाने. उडीला खरी किंमत आली ती तेव्हापासून, असं माझं मत.

घाई अंगाशीही येते. लंडन ऑलिंपिक, २०१२, हाइड पार्क. ब्रिटनचा जोनाथन ब्राउनली रेषेच्या जरासा अलीकडेच सायकलवर बसला आणि त्याला १५ सेकंदांची शिक्षा झाली. पळण्याच्या टप्प्यात थांबून ती भोगली, तरी कांस्य मिळवलं. सुवर्ण त्याचाच भाऊ अॅलिस्टरने नेलं. हेल्मेटचंही असंच. पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल परत जागेवर ठेवेपर्यंत सोडायचा नाही.

आपल्याकडचे बहुतेक जण गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ सारख्या लांब शर्यतीची तयारी करतात. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, आणि तिथे कुणाच्या मागे चिकटायला बंदी. त्यांनी रेषेपुढे निवांत थांबून, पाय टाकून बसलं तरी पाच-सात सेकंदांपलीकडे काही जात नाही. तरी लोक शाळेच्या मैदानात गवतावर उड्या मारतात, मांड्या काळ्यानिळ्या करून घेतात. मीही मारतो.